राघोजीरावांचं बोट

राघोजीराव गाडीचं चाक डोळ्यांनी कधी तपासत नसत. धुऊन झालं की मान दुसरीकडे वळवायची, उजव्या हाताची तर्जनी रिमच्या आतल्या कडेवरून फिरवायची आणि बोट सांगेल तो निकाल. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत ते सकाळी गाड्या धुवायचे. वय सत्तरीच्या पुढे. तंजावरकडचे मराठी, सारा जन्म तमिळ मुलखात गेलेला.

मी पुण्याचा, नोकरी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. एकदा त्यांनी पुढच्या चाकावरची काळी भुकटी माझ्या तळहातावर चोळली.

"तंबी, हें पीठ न्हवें. हा रवा. आंत लोखंड घासतंय."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आता हे मला ब्रेक शिकवणार, असं मी मनात म्हटलं. तरी गाडी गॅरेजला नेली. ब्रेक पॅड पार झिजून त्याचा पत्रा डिस्कवर घासत होता. त्याच आठवड्यात बायको आणि मुलीला घेऊन मी येरकाडचा घाट चढणार होतो. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागलो.

ब्रेकमधून उडणारी ही भुकटी फार चिवट. चेन्नईच्या खाऱ्या हवेत ती रिमवर गंजून बसते. काका साबण लावत, चिंचेचं पाणी लावत, अर्धा अर्धा तास उकिडवे बसून घासत. मला ते बघवेना. शहाणपणा करून मी कंपनीच्या वर्कशॉपमधून एक बाटली आणली. जहाल आम्ल होतं ते. हातमोजे दिले आणि बजावलं की ते घातल्याशिवाय झाकणसुद्धा उघडायचं नाही.

"सरि," काका म्हणाले.

सरि म्हणजे ठीक आहे. पण काकांचं सरि म्हणजे 'ऐकलं', एवढंच. नळाला पाणी नाही, सरि. लिफ्ट बंद, सरि. दोन वर्षं रोज ऐकत होतो, मला कळायला हवं होतं. मोजे घातल्यावर बोटाला कळणार कसं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चाकं लख्ख निघाली. ते आम्ल लागल्या लागल्या भाजत नाही, कातडीखाली उतरतं आणि मग आग होते. संध्याकाळी बोट ठणकायला लागलं, तर काकांनी खोबरेल लावून दोन दिवस काढले. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाटलीत काय होतं ते मी डॉक्टरांना सांगितलं. तर्जनीचं पुढचं पेर कापावं लागलं. शेजारच्या दोन बोटांना काही कळेनासं झालं.

महिन्याभराने काका कामावर हजर. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुलीची चौकशी केली आणि चिंचेचं पाणी घेऊन बसले. चाक धुतलं. सवयीने मान वळवून आखूड बोट कडेवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हात मागे घेतला.

"तंबी, तूंच बघून सांग. निघालं काय?"

कडेला काळा पट्टा तसाच होता. मला 'निघालं' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणवेना.

"सरि," मी म्हणालो.

त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.