अंगठा कुणी हलवला

आईच्या खांद्यासाठी मी तिला गुरुग्रामच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये नेते. तिथे व्हीलचेअरवरचे एक मराठी काका नेहमी भेटतात. मणक्याला मार बसल्यापासून त्यांचे पाय हलत नाहीत. पाठीवर पट्ट्या चिकटवून त्यांना हलका करंट देतात, म्हणजे पाय पुन्हा मेंदूचं ऐकतील. काकांना प्रत्येक वाक्याआधी ‘नोंद घ्या’ म्हणायची सवय आहे, चहा फिका असला तरी.

परवा त्यांची शेवटची तपासणी होती. काहीच हललं नसतं, तर उपचार बंद होणार होते. करंट सुरू झाला आणि पाय उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“नोंद घ्या, ये मैंने नहीं हिलाया. झीरो लिखिए.”

“अंकल, सब बंद हो जाएगा!” थेरपिस्ट म्हणाली.

“होने दो.” मग ते माझ्याकडे वळले. “बेटा, पायाचा अंगठा कधी हलवायचा, कधी थांबवायचा, तू सांग.”

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. “हलवा,” मी पुटपुटले.

“मोठ्याने!”

“हलवा!”

अंगठा किंचित वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

“थांबा!” मी ओरडलेच.

करंट चालूच होता. अंगठा थांबला.