तुपाचा चमचा

मालिकेतली सून चांगलीच असते. ती रडते, देवापुढे हात जोडते, आणि तिच्या चांगुलपणावर कथा तसूभरही पुढे सरकत नाही. त्यासाठी कुणाला तरी किल्ली लपवावी लागते, खिरीत मीठ टाकावं लागतं. अमरावतीत घरी बसून मी एका मालिकेचे संवाद लिहिते. खरं सांगायचं तर माझी चूल तिच्यातल्या दुष्ट सासूवर पेटते.

मध्यंतरी लोक त्या सासूला कंटाळले. 'तिला एखादी लकब द्या,' असा मुंबईहून फोन आला. मला चटकन अकोल्याची मोठीआई, माझी चुलती आठवली. शाळेची चार वर्षं मी तिच्याकडे काढली. भातावर तूप वाढलं की ती ताटाच्या काठावर चमचा तीनदा वाजवायची. थिजलेलं तूप चमच्याला चिकटतं, आणि आम्हा सात पोरांपैकी कुणाच्या वाट्याचं कमी पडू नये, एवढंच तिच्या मनात असायचं. मी बेशरमपणे तो ठोका ताटावरून डब्याच्या काठावर नेला. म्हणजे सुनेच्या पानात पडण्याआधीच निम्मं तूप परत डब्यात. लोकांनी सासूला मनसोक्त शिव्या घातल्या. मालिका जोरात चालली, पोरं घरोघरी चमचे वाजवू लागली.

रोज भाग संपला की मोठीआईचा फोन यायचा. तो बंद झाला. मी केला तर 'कामात हाय' म्हणून ठेवून द्यायची. महिना असाच गेला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! तेवढ्यात तिच्या नातीच्या मुलाचं बारसं निघालं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं फार वाटलं.

"आली का वं? किती वाळली!" मोठीआई दारातच म्हणाली. अगदी नेहमीसारखी. माझा जीव भांड्यात पडला.

पंगत बसली. मोठीआई तुपाची वाटी घेऊन आली, तशी एक सून हसत म्हणाली, "पाहा आता, टक टक होते!" सगळी पंगत खिदळली. मोठीआईही थोडं हसली. माझ्या ताटावर तिचा चमचा क्षणभर थांबला. मग तिनं वाटी माझ्यासमोर ठेवली.

"तूच घे वाढून."

त्या घरात ती असताना कुणी आपल्या हातानं तूप वाढून घेतलं नव्हतं.

"मोठीआई, ती बाई तू नाही," मी हळूच म्हणाले.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "लोकायले कुठं माहीत हाय?"

ती पुढच्या ताटाकडे वळली. मी चमचा भरून भातावर धरला. अर्धं तूप चमच्यालाच चिकटून राहिलं, आणि तो ताटावर वाजवायचा मला काही धीर होईना.