न सांगितलेला डायोड

चूक माझी होती. मोटरीच्या दोन टोकांवर डायोड लावलेला नाही, हे मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. पुढे त्याचा बोल दुसऱ्याला लागला, तोही मी लागू दिला.

चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. सुट्टीच्या दिवशी घरी छोटी सर्किटं जोडत बसायचा मला नाद आहे. माझा थोरला भाऊ निगडीत राहतो. उभी नोकरी त्याने पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये काढली आणि निवृत्त होईपर्यंत कान जवळजवळ गेले. कानात यंत्र घातलं की नुसता गोंगाटच मोठा होतो, म्हणून ते तो वापरत नाही. गेल्या वर्षी वहिनींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आधाराशिवाय उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या आतल्या खोलीत आणि दादा स्वयंपाकघरात. हाक मारली तर ऐकणार कोण?

म्हणून मी वहिनींच्या उशाशी एक बटण दिलं आणि दादाच्या मनगटावर एक पट्टा. बटण दाबलं की पट्ट्यावर लाल दिवा लागायचा. मला त्याचा फार अभिमान होता. दादा म्हणाला, "तुझा दिवा बघत बसलो तर माझी भाजी करपेल."

निगडीतच माझ्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सुटे भाग आणायला जाता जाता मैत्री झाली, तिला दहा-बारा वर्षं झाली. दिव्याचं रडगाणं मीच त्याला ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, फोन सायलेंटवर ठेवतो तेव्हा तो खिशात थरथरतोच ना. बंद पडलेल्या एका फोनमधून त्याने शर्टाच्या गुंडीएवढी मोटर काढली, मी नेलेला पट्टा ठेवून घेतला आणि रविवारी स्वतः येऊन दादाच्या हाताला बांधला.

वहिनींनी बटण दाबलं. कणीक मळता मळता दादा दचकला, मग हसायला लागला आणि पुन्हा दाब, पुन्हा दाब म्हणत राहिला. शेजाऱ्यांना बोलावून त्याने मनगट दाखवलं. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात तो सगळ्यांना म्हणाला, "हा आमचा एवढा कंपनीतला, पण याला नाही सुचलं. डोकं लागतं, राव."

मीही हसलो. निघताना वहिनींनी दादाकरवी मित्राला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. अशी पुडी आजवर मला मिळायची. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस मी, पण ती पुडी माझ्या नजरेतून सुटली नाही.

जिन्यात मित्राने पट्ट्याचा मोबाइलवर काढलेला फोटो माझ्यापुढे धरला. झाकण लावण्याआधीची जोडणी त्यात स्पष्ट दिसत होती. "भाऊ, एकदा नजर घाला. अशी मोटर मी पहिल्यांदाच जोडलीय."

मोटर बंद होताना विजेचा उलटा झटका मारते. तो पोटात घ्यायला तिच्यावर आडवा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लागतो, नाहीतर तिला चालवणारा ट्रान्झिस्टर हळूहळू मरतो. फोनमध्ये ती काळजी आतला बोर्ड घेतो, त्यामुळे मोबाइलवाल्याला तिचा विचार करावाच लागत नाही. माझं मात्र ते रोजचं काम. मी म्हणालो, "झकास आहे."

आठ-पंधरा दिवसांत पट्टा बंद पडेल आणि दादा मला बोलावून घेईल, एवढंच मनात होतं. तेव्हा काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. त्या सगळ्या विचारात वहिनी कुठेच नव्हत्या.

पट्टा अकराव्या दिवशी गेला. मी पहिल्या शिफ्टला होतो. दुपारी वहिनींनी बटण दाबलं, बराच वेळ दाबत राहिल्या आणि शेवटी एकट्याच उठल्या. बाथरूमच्या दाराशी पडल्या. खुबा वाचला, डावा हात मोडला.

दवाखान्यात दादाने मित्राला नको नको ते ऐकवलं. तो मान खाली घालून उभा होता. "माझंच चुकलं, दादा," एवढंच म्हणाला. मी शेजारी एक्स-रेचा लिफाफा धरून उभा होतो. त्याच संध्याकाळी मी ट्रान्झिस्टर बदलला, डायोड लावला आणि पट्टा परत दिला. दादा म्हणाला, शेवटी आपलाच माणूस कामाला येतो. मला हवं होतं ते कौतुक असं मिळालं.

महिन्याभराने दुकानात गेलो. मित्राने मला हवे ते भाग काढून दिले. नवीन काही करताय का, असं मी विचारलं, तर आता फक्त स्क्रीन बदलतो, म्हणाला. बाकी कशाला हात लावायची भीती वाटते.

त्या रविवारी मी त्याला जवळजवळ ओढतच दादाकडे नेलं. एकट्या मित्राला मी हळू आवाजात सांगू शकलो असतो. दादाला तसं सांगता येत नाही. खिडक्या उघड्या होत्या, जिन्यात शेजारी बोलत होते. मी ओरडून सांगितलं, डायोड नाही हे मला दिसलं होतं, त्याने मला विचारलंही होतं. दादाने कानामागे हात धरला. मला पुन्हा, आणखी मोठ्याने सांगावं लागलं. जिन्यातलं बोलणं थांबलं.

"तू त्याचं कौतुक केलंस, ते मला बघवलं नाही," मी म्हणालो. "वहिनी, तुमचा हात माझ्यामुळे मोडला." मग मी मित्राकडे वळलो. "भाई, जे मी सांगायला हवं होतं, त्याची बोलणी तुम्ही खाल्लीत. मला माफ करा."