आवाज येतो, चित्र येत नाही

आमच्या घरात टीव्ही नव्हता तेव्हा आम्ही दोघी बहिणी शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यात बसून टीव्ही बघायचो. आत यायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. मालिका संपत आली की काकू पाय लांब करायच्या आणि मोठ्यानं जांभई द्यायच्या. तेवढ्यावर आम्ही उठायचो. वडील हायवेवरच्या धाब्यावर भट्टीत रोट्या लावायचे, आजही लावतात. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. दीड एकर कोरडवाहू आमचं स्वतःचं होतं. ज्या वर्षी सोयाबीन हाताला लागायचं त्या वर्षी दप्तरं नवी यायची. पत्र्याच्या दोन खोल्या, उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. तक्रार म्हणून सांगत नाही, तसं होतं.

मी बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटर सायन्स घेऊन, धाराशिवच्या कॉलेजातून. आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गावातून येरमाळ्यापर्यंत वडापची जीप, तिथून एसटी, तीन वर्षं. हे सांगायला मला बरं वाटतं, म्हणून सांगते. आता येरमाळ्यातच ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. पहिल्या पगारातून मी घरात एक जुना एलईडी टीव्ही आणला. काकू बघायला आल्या तेव्हा आईनं त्यांना खुर्ची दिली.

धाकटी अभ्यासात मागं आणि पळण्यात पुढं. पाचवीत असताना शाळेतल्या गुरुजींनी तिला खो-खोच्या मैदानात उतरवलं. आमच्या जिल्ह्यात मुली खो-खो खेळतात यात नवल नाही, पण ही थांबलीच नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं करत करत गेल्या वर्षी ती एका मोठ्या स्पर्धेतल्या संघात निवडली गेली. ही स्पर्धा मॅटवर खेळतात, छताखाली, दिव्यांत, आणि मोबाइलच्या एका ॲपवर ती सगळ्या देशाला दिसते.

आईनं मात्र तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. शाळेतले सामने दिवसा असायचे आणि दिवसा आई रानात असायची. पुढं सामने लांबच्या गावाला व्हायला लागले. आणि आता आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. फोनवर खेळ लावून दिला तर ती फोन नाकाला लावायची आणि म्हणायची, "मुंग्या पळत्यात नुसत्या. ह्यातली माझी कंची?"

स्पर्धेला निघताना धाकटी मला म्हणाली, "अक्का, तीन सामने पक्के हायत. बुधवार, शुक्रवार, रविवार. पुढचं जिंकलो तर. ह्या तिन्हीतला एक तरी आईला मोठ्यावर दाखव."

"तिन्ही दाखवते," मी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

दुकानातून मी फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं एक छोटं डोंगल आणलं. ॲपचे महिन्याचे पैसे भरले. मंगळवारी सगळं लावून पाहिलं. फोनमधले फोटो टीव्हीवर दिसले, चुलतभावाच्या लेकीच्या बारशाचा व्हिडिओ दिसला. मग निवांत झोपले. माझी चूक तिथंच झाली. ॲपमधलं काही मी लावून पाहिलंच नाही. फोनमधलं एक दिसलं म्हणजे सगळं दिसणार, असं मी धरून चालले. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीनं.

बुधवारी आईनं रानातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत वीसेक माणूस मावलं. आईनं आलेल्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं आणि शेवटी टीव्हीच्या कडेलाही बोट टेकवलं. मी ॲप उघडलं, सामना लावला, फोन टीव्हीला जोडला.

टीव्हीवर काळा पडदा. आवाज स्वच्छ. शिट्टी ऐकू येत होती, लोक ओरडत होते, समालोचक आमचं आडनाव चुकीचं उच्चारत होता. चित्र नाही.

"लाइट गेली का काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाइट गेल्यावर आवाज येतो व्हय?"

मी वायर काढली, परत लावली. फोन बंद करून चालू केला. फोनवर दिसत होतं, टीव्हीवर नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बीएस्सी झालीस न्हवं गं? मग पडदा वर कर की."

बायका हसल्या. मलाही हसावं लागलं. अर्ध्या तासानं एकेक जण उठायला लागली. मी डोंगल काढायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे. आवाज तरी राहू दे." आणि ती काळ्या टीव्हीसमोर शेवटपर्यंत बसली, देवळात कीर्तनाला बसतात तशी. मध्ये मध्ये विचारायची, "आता कोण पळतंय? आपली का?" मी फोनात बघून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी यामागचं कारण शोधलं. तेव्हा कळलं की बिघाड कशातच नव्हता. ॲपवाल्यांनी मुद्दामच तसं केलेलं असतं. फोनची स्क्रीन दुसरीकडं पाठवायला लागलो, किंवा रेकॉर्ड करायला लागलो, की ॲप चित्र झाकून घेतं. कुणी त्याची नक्कल काढून फुकट वाटू नये म्हणून. आईसाठी बघतोय का विकायला बघतोय, हे त्याला कळत नाही.

मग फोन मध्ये न घेता ॲप थेट टीव्हीवरच चालवायचं. त्याच दुपारी मी धाराशिवला गेले आणि बाजारातून साध्या टीव्हीवर ॲप चालवणारा एक अँड्रॉइड बॉक्स घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याच्यावर चालत न्हाय असं काय न्हायच." बॉक्सच्या स्टोअरमध्ये ते ॲप सापडलंच नाही. ते मी बाहेरून फाइल आणून बसवलं. उघडलं तर म्हणे, तुमचा प्लॅन फक्त मोबाइलपुरता आहे. तो वाढवला. शुक्रवारी शिट्टी झाली आणि चित्र आलं.

चित्र आलं, पण पाण्यात भिजलेल्या फोटोसारखं. पाठीवरचे आकडे म्हणजे नुसते पांढरे डाग. तोंडाच्या जागी गव्हाळ ठिपके. या वेळी आलेलं माणूस कमी होतं, सातआठ. तरी आई खूश होती. ती पुढं सरकून बसली आणि बोट दाखवून म्हणाली, "ती बघा. ती खांबाजवळची. काय पळतीय माझी बाय!"

त्या मुलीनं एकीला हुलकावणी दिली, आईनं टाळी वाजवली. ती बाद झाली, आई हळहळली. मी हातातल्या फोनवर बघत होते. आमची धाकटी तेव्हा मॅटवर नव्हतीच, ती बाहेर बाकावर बसून पायाला पट्टी गुंडाळत होती. आई ज्या पोरीला डोळे भरून बघत होती ती समोरच्या संघातली होती.

गप्प बसता आलं असतं. मला ते जमत नाही. बायका गेल्यावर सांगितलं, "आई, ती आपली नव्हती."

आईनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "कुणाची का असंना, चांगली पळत होती." आणि भाकरी करायला उठली.

त्या रात्री मला राग आला होता तो बॉक्सचा. त्यावर तपासणीचं एक छोटं ॲप टाकून बघितलं, तेव्हा उत्तर मिळालं. हे व्हिडिओ कुलूप लावूनच येतात. त्याची किल्ली उपकरणाच्या आत एका बंदिस्त जागेत ठेवायची असते, जिथं ते उपकरण विकत घेतलेल्या माणसालाही हात घालता येत नाही. ज्या कंपनीनं तशी जागा केली आणि ती तपासून मान्य करून घेतली, तिच्या टीव्हीला स्वच्छ चित्र मिळतं. माझ्या बॉक्समध्ये तशी जागा नव्हती. अशा बॉक्सला ते हलकं चित्र देतात, चोरलं तरी कुणाच्या उपयोगाचं नाही असं. डब्यावर मोठ्या अक्षरात फोर-के, म्हणजे अगदी स्वच्छ चित्र, असं छापलेलं होतं. डब्यावर काय, काहीही छापता येतं. हे मला डिग्रीत कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी चुलतभाऊ आला. तो पिकअप चालवतो. म्हणाला, "कशाला डोकं लावतीस? लिंक देतो. फुकट, एकदम क्लिअर. आमी सगळ्या मॅचा त्याच्यावरच बघतो."

खरं सांगते, मी लिंक उघडली. आधी जुगाराच्या तीन जाहिराती आल्या, मग एक ॲप घ्या म्हणाले, आणि ते ॲप माझे मेसेज वाचायची परवानगी मागायला लागलं. अशी परवानगी देऊन खातं रिकामं झालेली माणसं माझ्या दुकानात तक्रारीचा अर्ज भरायला येतात. मी ते बंद केलं.

"भ्यालीस व्हय?" तो म्हणाला.

"व्हय, भ्याले. आणि दुसरं, पोरींचं मानधन ह्या बघण्याच्या पैशातनंच निघतं. बहिणीचा खेळ चोरून बघू का मी?"

"लई शहाणी झालीस," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

राहिला रविवार. कंपनीचा चांगला, मान्यता असलेला टीव्ही गावात कुणाकडं आहे, ते मी आठवत बसले. सरपंचांकडं होता, पण ते घराला कुलूप लावून लग्नाला गेले होते. दुसरा होता चौकातल्या सलूनमध्ये. दिवाळीत घेतलेला, मोठा. रविवारी सकाळी मी तिथं गेले तेव्हा दोन गिऱ्हाइकं फेस लावून बसलेली होती. मी दारातूनच विचारलं. सलूनवाले काका वडिलांच्या बरोबरीचे. म्हणाले, "ने की. पण भिंतीत ठोकलाय पोरी, काढला तर भिंत हातात येईल."

"न्यायचा न्हाय काका. आईला इथं आणू का?"

त्यांचा वस्तरा थांबला. आमच्या गावात बाया सलूनमध्ये जात नाहीत. समोरून जाताना पदरसुद्धा त्या बाजूनं ओढून घेतात. एका गिऱ्हाइकानं फेसातून विचारलं, "दाढी करायची का काय वहिनींची?" काकांनी त्याची मान धरून आरशाकडं वळवली. "हलू नको, कापंल," म्हणाले. मग मला म्हणाले, "सातला आण. मी दुकान मोकळं करतो."

या वेळी मी आधी तपासलं. त्या टीव्हीवर ॲप स्टोअरमध्येच होतं. फोनवर आलेला कोड टाकून माझं खातं जोडलं आणि शुक्रवारचा तोच सामना लावला. मुलींच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पाठीवरचे आकडे वाचता येत होते.

घरी आई ऐकेना. "पुरुषांच्या दुकानात कशी जाऊ मी? लोकं काय म्हणतील?" वडील धाब्यावर निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "पोरगी सगळ्या देशासमोर पळतीय, अन् तू एक पायरी चढंना व्हय?" एवढं बोलून गेले. संध्याकाळी आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

सलूनचं शटर पूर्ण वर होतं. काकांनी केस झाडून काढले होते, फरशी पुसली होती, आणि आरशासमोरची फिरती खुर्ची उलटी फिरवून टीव्हीसमोर ठेवली होती. आई पायरीवर थांबली.

"या वहिनी. गिऱ्हाईक म्हणून नका येऊ, पाहुण्या म्हणून या," काका म्हणाले.

ती आत आली आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसली. खुर्ची जरा फिरली तशी तिनं दोन्ही हातांनी दांडे धरले. बाकीच्या बायका रस्त्यावरच उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं काकू आत आल्या, बाकड्यावर बसल्या, मग आणखी दोघी. पुरुष बाहेर उभे राहून आत डोकावत होते. त्यांच्याकडं बघून काकू म्हणाल्या, "गर्दी करू नका रं, वारं येऊ द्या."

आमचा संघ पळायला उतरला. पहिली तुकडी बाद झाली. दुसऱ्या तुकडीत तीन मुली आल्या. मी बोट दाखवणार होते. आईनं माझा हात खाली केला.

"थांब. सांगू नको."

ती पुढं वाकली. तिघी मॅटवर उभ्या होत्या. एकीनं उजव्या हाताच्या मनगटानं नाक पुसलं, मग तोच हात पॅंटला पुसला.

"ती," आई म्हणाली. "डावीकडली. अजून सवय गेली न्हाय बघ."

तीच होती. धाकटी एकेरी साखळीनं पळत होती, बसलेल्या मुलींच्या मधून, एकदा पुढून एकदा मागून, आणि पाठलाग करणारीचा हात दरवेळी वीतभर मागं राहत होता. आईला नियम ठाऊक नव्हते. ती मला विचारत राहिली, मी सांगत राहिले. दोन मिनिटांच्या वर पळून धाकटी खांबाजवळ बाद झाली. आईनं टाळी वाजवली नाही. दांडे सोडायचं तिला सुचलंच नाही.

संघ हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. धाकटीला फोन लावला तेव्हा ती रडत होती. आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "नाक काय हातानं पुसतीस गं सगळ्यांसमोर?"

पलीकडचं रडणं थांबलं. मग धाकटीनं विचारलं, "तू बघितलंस?"

"बघितलं," आई म्हणाली.

बॉक्स मी परत धाराशिवला नेऊन दिला. दुकानदारानं कुरकुर करत बदल्यात वायर आणि चार्जर दिले. आईचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पण लेकीचा खेळ तिनं त्याच्या आधी, त्या रविवारी, आपल्या त्याच डोळ्यांनी पाहिला आणि कुणी न सांगता तिला ओळखलं.