कंपायलरला न विचारता

शेणवे गावच्या नळयोजनेची मोटर जळाली, तेव्हा आमच्या टीम लीडने आधी व्होल्टेजला दोष दिला. शहापूरकडच्या विजेवर तो कधीही बोलू शकायचा. विहीर मात्र त्याने पाहिलेली नव्हती.

मोटरीच्या पेटीतला प्रोग्राम आमचा होता. विहीर तळाला गेली की मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. तोच प्रोग्राम आम्ही लॅपटॉपवर तपासायचो आणि पेटीतल्या छोट्या बोर्डवर चढवायचो. दोन्हीकडे कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, वेगळा. काही बिघडलं की काम तिथंच तोडून वर कळवायची सोय, म्हणजे एक्सेप्शन, लॅपटॉपवर चालू होती. बोर्डवर जागा वाचवायला बंद ठेवलेली.

"कंपायलर नवा आहे ना? मग एक्सेप्शनला सपोर्ट असणारच," हे प्रोग्राम लिहिताना त्याचं संशोधन. व्हर्जन नवं असेल तर एक्सेप्शन वापरायचं, अशी अटच त्याने कोडमध्ये घातली.

मी म्हटलं, "व्हर्जन बघू नका. सोय चालू असेल तर कंपायलर स्वतःच एक मॅक्रो, म्हणजे खुणेचं नाव, लावतो. तो आहे का, तेवढं तपासा."

"मुरबाडच्या कॉलेजात असं शिकवतात का?" तो हसला. मी हसले नाही.

पुढे बोर्डसाठी प्रोग्राम कंपाइल होईना. एररच एरर. तेव्हा या विद्वानाने एक्सेप्शन वर पाठवणारा 'थ्रो' हा शब्दच कोडमधून गायब होईल अशी युक्ती केली. एरर गेल्या. त्यावर त्याने आम्हाला प्रेझेंटेशनही दिलं.

मग विहिरीतलं पाणी मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली. प्रोग्रामला ते कळलं, पण ओरडायला तोंडच नव्हतं. विहिरीतलं पाणी संपलं, तरी मोटर कोरडी फिरत राहिली.

लीड आणि मी पोचलो तेव्हा पंप चालवणारे काका दारातच उभे होते. "पानी नाय गो बाय. मोटरीतून धूर निघतो, आन तुमच्या पेटीवर हिरवा दिवा!"

लीड त्यांना 'एज केस', म्हणजे क्वचित घडणारा प्रसंग, समजावू लागला. काका आत निघून गेले.

मी पंपघराच्या पायरीवर बसून त्याची युक्ती कोडमधून काढून टाकली. मॅक्रो असेल तिथे एक्सेप्शन. नसेल तिथे फंक्शनने चूक कळवणारा आकडा परत द्यायचा आणि मोटर थांबवायची. नवी मोटर बसली, तेव्हा काकांसमोर सेन्सरची वायर उपटून दाखवली. मोटर थांबली, लाल दिवा लागला.

लीड मागून म्हणाला, "व्हर्जनची अटही राहू दे. बरं दिसतं."

मी ती त्याच्यासमोर पुसली. त्याने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.