पदरातली सुकडी
सून कणीक तुपात भाजून त्यात गूळ घालते, तो खमंग वास आला की मला वडनेरकडचं आमचं दुष्काळातलं गाव आठवतं. पंचायतीच्या ओट्यावर तेव्हा सरकारी सुकडी मिळायची, लेकरांना आणि म्हाताऱ्यांनाही. माझ्या सासूबाई काठी टेकत जायच्या आणि स्वतःच्या वाट्याची सुकडी पदराला बांधून माझ्या लेकरासाठी आणायच्या. किती सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मी ग्रामसेविकाबाईंच्या कानावर हळूच घातलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई रिकाम्या पदरानं, तणतणत परतल्या. "त्या बाईनं सुकडी गरम दुधात कालवून देल्ली वं! आता दूध काय पदरात बांधू? मले तिथंच बसून खा लागली." त्यांच्या वरच्या ओठावर दूध वाळलं होतं. मी चुलीकडे तोंड फिरवून हसले. पाऊसपाणी सुरू होईस्तोवर त्यांच्या बांगड्या पुन्हा मनगटाशी थांबायला लागल्या होत्या. आज सुनेनं हातावर सुकडीची वडी ठेवली आणि माझी बोटं आपसूक पदराचं टोक शोधायला लागली. "आई, इथंच खा," सून म्हणाली, "पोराची वेगळी काढून ठेवली."