सुमनआत्याचा नवा पत्ता

सुमनआत्या घर सोडून गेल्याचं मला फोनवर कळलं, तेही टोमॅटोच्या भावाबद्दल बोलून झाल्यावर. "ती सध्या ग्रेटर नोएडाला असते," आई म्हणाली. "मजेत आहे. तिकडे हवा चांगली आहे." मी रॉटरडॅममध्ये ऑफिसच्या जिन्यात उभी होते. त्याच संध्याकाळी तिकीट शोधायला बसले.

या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मी इथे पुलांच्या तपासणीचं काम करते आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन हिंडते. या खेपेचा प्रवास माझ्याच गावचा, दिल्लीचा. रस्ते, खाणं, खर्च सांगेनच. पण मी गेले होते ते आत्याला घरी परत आणता येतं का, हे बघायला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई-बाबा दोघंही सरकारी नोकरीत आणि मला लहानपणी दमा, त्यामुळे पहिली काही वर्षं मला शाळेत घातलंच नाही. आत्या साताऱ्याहून आली आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, कणीक मळता मळता, तिने मला वाचायला शिकवलं, पाढे शिकवले. "उत्तर बरोबर आहे, पण तुझी खात्री आहे का?" असं ती दर वेळी विचारायची. दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही ही माझी सवय तिथली. आज त्याच सवयीचा मला पगार मिळतो. मी शाळेत जायला लागले तरी आत्या परत गेली नाही. तिचं तिकडे कोणी उरलं नव्हतं.

आई-बाबा आता दिल्लीतल्याच द्वारकेत राहतात, विमानतळाहून अगदी जवळ. प्रीपेड टॅक्सी घ्या, बाहेरच्या दलालांशी बोलू नका. बाबा निवृत्त झाल्यावर सोसायटीतला हा फ्लॅट मिळाला: दोन बेडरूम, हॉल, बाल्कनीत तुळस. आईने मला हाताला धरून दुसऱ्या बेडरूमच्या दारात नेलं आणि दिवा लावला.

समोर माझी रॉटरडॅमची खोली होती. तसंच पांढरं शेल्फ, खिडकीखाली तसंच अरुंद टेबल, वाकड्या मानेचा तसाच दिवा, निळसर राखाडी पडदे. ब्लॉगवरचे फोटो बघून आईने एकेक वस्तू जमवली होती. "तुला परकं वाटायला नको," ती म्हणाली. "बिल्कुल सेम आहे ना?"

सेम होतं. मी छान म्हटलं आणि बॅग उघडलीच नाही. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं मावलो होतो. मी परदेशी गेल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये तिघंच उरली, तर एक माणूस जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी धीर गोळा करायला म्हणून आधी शहरात गेले. जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्य सरकारच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये. मराठी जेवणाची आठवण येत असेल तर जरूर जा. थाळी स्वस्त, आमटी गोड, पोळ्या गार. शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघे जण होते.

"घरी काय सांगितलंस?"

"सांगितलं, अभ्यास चालू आहे."

"यार, तो तर तीन वर्षं चालू आहे."

"म्हणून तर खोटं वाटत नाही त्यांना."

दोघं हसले आणि आणखी भात मागितला. मला हसू आलं नाही. आत्याही मला फोनवर इतके महिने "सगळं ठीक आहे" असंच सांगत होती.

तिसऱ्या दिवशी ग्रेटर नोएडा. मेट्रोची ब्लू लाइन आता थेट नोएडापर्यंत जाते. द्वारकेहून बसायला जागा मिळते, बायकांसाठी पहिला डबा आहे, आणि सव्वा तास धरून चाला. उतरल्यावर कुलचे-छोले खाऊन घ्या, पुढे काही नाही. पुढे शेअर ऑटो, मग दुसरी ऑटो. सुट्टे पैसे जवळ ठेवा. एक्स्प्रेसवेच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत, काही रंगवलेले, काही नुसता सांगाडा. वरच्या मजल्यांवर सळया तशाच उघड्या, गंजलेल्या. कामाची सवय म्हणून मी बघत राहिले आणि दर टॉवरला माझी काळजी वाढत गेली.

गेटवर गार्डने विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

मी नाव सांगितलं.

"अच्छा, मराठी आंटी! ग्यारहवाँ माला. लिफ्ट आज चल रही है."

त्या टॉवरमध्ये चारपाचच घरांत माणसं राहतात. बाकीचे फ्लॅट दुबई, सिंगापूर, अमेरिकेतल्या लोकांनी घेऊन ठेवलेले. कुलूपबंद घर ओल धरतं, नळ गंजतात, कोणी घुसण्याची भीतीही असते. म्हणून मालक भरवशाचं माणूस आत ठेवतात. भाडं घेत नाहीत, पगारही देत नाहीत. त्याने रोज नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे. आत्या राहते तो फ्लॅट बाबांच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या मुलाचा.

"ये, ये," आत्या म्हणाली. "तीन बाथरूम आहेत माझ्याकडे. सकाळी कुठलं वापरायचं, एवढाच प्रश्न पडतो."

मोठ्या हॉलमध्ये एक घडीची खाट, एक खुर्ची. खुर्ची मला दिली. चहा झाल्यावर तिने विचारलं, "पडदे आवडले का?"

"कुठले?"

"तुझ्या खोलीतले. मीच शिवलेत. वहिनीने फोटो दाखवला, तोच रंग हवा म्हणाली. सरोजिनीच्या बाजारात दोन चकरा मारल्या त्या कापडासाठी."

"आत्या, तू कुठे झोपायचीस तेव्हा?"

"त्याच खोलीत. टेबल आलं, मग पलंग आला, मग माझी ट्रंक बाल्कनीत गेली." ती हसली. "ट्रंकेच्या मागून मीपण निघाले. कोणी जा म्हटलं नाही हं."

"चल घरी. आजच चल."

"आणि तू आलीस की?"

"मी हॉलमध्ये झोपेन."

"तुझी खात्री आहे का?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "तू दोन वर्षांनी दहा दिवस येतेस. उरलेले दिवस वहिनी त्या खोलीत जाऊन बसते. मी तिथे झोपले, तर तिने कुठे बसायचं?"

निघताना कळलं की फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय आणि तिला महिन्याभरात जागा सोडायची आहे. पण गार्डने पलीकडच्या टॉवरमध्ये एका सिंगापूरवाल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय. "लिफ्ट तेवढी बदलायची," ती म्हणाली. "दादाला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवायला बसल्यावर.

"सुमन स्वतःहून गेली," बाबा म्हणाले. "तिला कोणीही जा म्हटलेलं नाही."

"राहा असं कोणी म्हटलं, बाबा?"

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. आई म्हणाली, "इतक्या लांबून येतेस, तुला हॉलमध्ये टाकू? मग दहा दिवसांवरून चार दिवसांवर येशील. आम्ही का नाही ओळखत तुला?"

"मी आहेच का इथे, आई?"

"म्हणूनच ना," आई म्हणाली आणि आमटी गरम करायला आत गेली.

उरलेल्या रात्री मी हॉलमधल्या दिवाणावर झोपले. आई रोज सकाळी माझी चादर उचलून खोलीतल्या पलंगावर नीट घालून ठेवायची. जाताना बाबा विमानतळावर आले. टॅक्सीत फक्त रस्त्याबद्दल बोलले.

परत येऊन महिना झाला. फोटो चांगले आलेत: सरोजिनीतले कपड्यांचे ढीग, मेट्रोच्या काचेतलं नोएडा, सळयांचे सांगाडे. दिल्लीला जाणार असाल तर थंडी सुरू होताना जा आणि ग्रेटर नोएडासाठी अख्खा दिवस ठेवा. खोलीचा फोटो मी टाकलेला नाही. मी घरची मुलगी, इंजिनिअर, दहा वेळा तपासून बोलणारी. तरी माणसाला एक खाट टाकण्याइतकी जागा मला करता आली नाही, कारण ती जागा माझ्याच नावाने अडवलेली होती. माझं येणं-न येणं त्यात कुठेच विचारात घेतलं नव्हतं.

आत्या पलीकडच्या टॉवरमध्ये गेली. तिकडे लिफ्ट अजून बसायची आहे, पण फ्लॅट तिसऱ्याच मजल्यावर आहे, असं तिने आनंदाने सांगितलं. मी डिसेंबरचं तिकीट काढलं आणि काल घरी फोन केला.

"आई, या वेळी मी आत्याकडे उतरणार आहे."

"आत्याकडे?" आई म्हणाली. "तिचं घर कुठे आहे?"

तिच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो बाबांनी बंद केला.